दिवाडीची फेरीबोट: पाच मिनिटांची रोजची बैठक

माझ्या पर्समध्ये बोटाएवढा एक स्क्रू-ड्रायव्हर, एका डबीत दहा-बारा बारीक स्क्रू आणि नाकाच्या पॅडच्या चार जोड्या कायम असतात. पणजीत चष्म्याच्या दुकानात मी काउंटर सांभाळते, त्यामुळे हे सामान जवळ असणं साहजिकच आहे. पण दुकानापेक्षा ते जास्त वापरलं जातं जुने गोवे ते दिवाडी या फेरीबोटीवर. हॉटेलं, थाळ्या, समुद्रकिनारे यांच्याबद्दल लोक भरभरून लिहितात. ज्या सेवेनं मला या परक्या गावात माणसांत आणलं, तिच्याबद्दल कुणीतरी चार ओळी लिहायला हव्यात असं बरेच दिवस मनात होतं.

आधी जाणाऱ्या-येणाऱ्याला उपयोगी पडेल ते सांगते. दिवाडी हे तिसवाडी तालुक्यातलं, मांडवीच्या पात्रातलं बेट. बेटावर यायला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि पलीकडून डिचोली तालुक्यातलं नार्वे, या तीन ठिकाणांहून फेरी येते. कोकण रेल्वेची लाइन बेटावरून जाते, पण गाडी इथं थांबत नाही. जवळचं स्टेशन नदीपल्याड करमळी. रात्री अंथरुणावर पडलं की गाडीची धडधड ऐकू येते आणि मला हटकून कुडाळ आठवतं, कारण तीच गाडी पुढं माझ्या माहेरावरून जाते. पण त्या गाडीतून उतरून घरी यायचं तर नदी ओलांडावीच लागते.

पणजीहून जुने गोवे साधारण दहा किलोमीटर. गांधी सर्कलला बसमधून उतरायचं आणि नदीच्या दिशेनं सरळ खाली चालत यायचं. वाटेत व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या पणतूनं, फ्रान्सिस्को द गामानं, व्हाइसरॉय असताना १५९० च्या दशकात ती उभारली, आणि पडल्यावर १९५४ मध्ये ती पुन्हा बांधली गेली. पर्यटक तिथं थांबून फोटो काढतात. आम्ही रोजची माणसं तिच्याखालून धावत जातो, कारण बोट लागलेली दिसत असते. चालत येणाऱ्याला तिकीट नाही. बोट सपाट, मधे गाड्या, दोन्ही कडांना बाकं, वर मास्टरची केबिन, आणि समोर वर-खाली होणारा रॅम्प. पलीकडे पोचायला पाच मिनिटं लागतात. गाड्या चढण्या-उतरण्याचा वेळ धरला तर थोडी जास्त.

दिवाडीला आम्ही आलो ते स्वस्त भाड्यासाठी. नवरा कुंडईच्या कारखान्यात, मी पणजीत. जुने गोवे दोघांनाही मधे पडतं. त्याआधी दोन वर्षं एका मोठ्या वसाहतीत फ्लॅटमध्ये होतो. कुठली ते लिहीत नाही. लिफ्ट होती, जनरेटर होता, खाली बाग होती, आणि आमचं नाव ‘तीनशे दोन’ होतं. एका पावसाळी रात्री नवरा नाइट शिफ्टला आणि मी तापानं फणफणलेली. घरात गोळी नव्हती. समोरच्या दाराची बेल वाजवली. दार उघडलं नाही, आतून आवाज आला, “वॉचमनला सांगा.” त्या माणसांना मी वाईट म्हणणार नाही. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी चार वाक्यंही बोललो नव्हतो. रात्री अकराला बेल वाजवणारी बाई कोण हे त्यांना कळायचं कसं? वसाहतीत वर्षातून दोनदा जमण्याचे कार्यक्रम व्हायचे. खुर्च्या मांडायचे, नावाचे बिल्ले लावायचे, खेळ घ्यायचे. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पुन्हा सगळे मजल्याच्या आकड्याकडे बघत उभे.

दिवाडीला आल्यावर पहिले तीन महिने मी बोटीवरही तशीच वागले. कडेला उभी राहायची, फोन काढायची, रॅम्प टेकला की आधी उतरायची. तरी एक गोष्ट लक्षात यायला लागली. आठच्या सुमाराच्या फेरीला माणसं तीच असतात आणि त्यांच्या जागाही ठरलेल्या असतात. जुने गोव्याकडे जाताना डाव्या बाकाच्या टोकाला एक नुस्तेकान्न, म्हणजे मासे विकणारी, पाटी पायाशी धरून. तिच्या शेजारी पांढऱ्या केसांची, फुलाफुलांच्या फ्रॉकमधली एक आंटी, हातात कापडी पिशवी. उजवीकडे शाळेचे दोन मुलगे, ते स्कूटरवाल्या बापाजवळ न बसता रेलिंगला लोंबतात आणि रोज ओरडा खातात. पंचायतीच्या कामाला निघालेले एक काका, काखेत मराठी पेपर. रॅम्पच्या दोराजवळ खलाशी. एखादी जागा रिकामी राहिली की सगळ्यांच्या नजरा एकदा तिकडे जातात. मी दोन दिवस सर्दीनं घरी राहिले आणि तिसऱ्या दिवशी बोटीवर पाय ठेवला तर नुस्तेकान्नेनं विचारलं, “काल खंय आशिल्ली?” काल कुठं होतीस? तोवर मी तिच्याशी अक्षरही बोलले नव्हते. माझी जागा रिकामी असलेली तिला दिसली होती. त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी इथं पहिल्यांदाच सांगते आहे.

मग स्क्रूची गोष्ट घडली. पेपरवाल्या काकांच्या चष्म्याची एक काडी निखळली आणि स्क्रू बोटीच्या पत्र्यावर पडला. त्या पत्र्यावर चाकं घसरू नयेत म्हणून उठावाच्या नक्षीचे खाच-खळगे असतात. त्यात तो दीड मिलिमीटरचा स्क्रू सापडणं अशक्य. तरी सगळे खाली वाकले. एका स्कूटरवाल्यानं मोबाइलचा टॉर्च लावला, खलाशी गुडघ्यावर बसला. मी पर्स उघडली. दुकानातून घरी दुरुस्तीला नेलेल्या फ्रेमसाठी त्या दिवशी योगायोगानं स्क्रू-ड्रायव्हर बरोबर होता. काडीचं बिजागर जुळवलं, स्क्रू बसवला, शेवटचा अर्धा पीळ हळू दिला. बोट हलत असताना हे काम करायचं तर कोपर पोटाशी घट्ट धरावं लागतं आणि श्वास रोखावा लागतो. मान वर केली तर निम्मी बोट माझ्या हातांकडे बघत होती. काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पेपर उघडून बघितला आणि म्हणाले, “अहो ताई, तुम्ही मराठी वाचता ना? हा घ्या, माझा वाचून झाला.” त्यांचा वाचून झाला नव्हता, पहिलं पानही उलटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ‘ती चष्म्याची बाय’ झाले. कुणाचा नाकावरून घसरतो, कुणाच्या पॅड पिवळ्या पडून कानामागं ओढ बसते, कुणाची काच एका बाजूनं निसटते. पाच मिनिटांत जेवढं होतं तेवढं मी बोटीवर करते, बाकीचं दुकानात घेऊन जाते. पैसे घेत नाही. स्क्रूला पडतात किती! पण माझं काम बघून लोकांना माझ्याशी बोलायला निमित्त मिळालं, आणि मलाही. “तूं खंयची गो?” हा प्रश्न मला गोव्यात आल्यापासून अनेकांनी विचारला होता, बोटीवर तो विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचं होतं. कुडाळ म्हटल्यावर कुणाची आत्या कुडाळात दिलेली निघाली, कुणी आंगणेवाडीच्या जत्रेला गेलेलं निघालं.

आंटीचं प्रकरण मला सविस्तर सांगायचं आहे. तिच्या पिशवीत प्रार्थनेचं एक छोटं पुस्तक असे. ती ते उघडी, हात लांब करी, मग आणखी लांब करी, मग मिटून ठेवी. आमच्या धंद्यात हे लांबूनही ओळखू येतं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं दिसायला जोर पडतो, म्हणून माणूस अक्षर लांब धरतो, आणि एक दिवस हातच पुरत नाही. आंटीचं वय सत्तरीकडे झुकलेलं. तिच्याकडे चष्मा होता, पण वीस वर्षांपूर्वीचा, सव्वा नंबराचा. मी तिला म्हटलं, दुकानात या, डोळे तपासून घेऊ. ती म्हणाली, पणजीला कोण घेऊन जाणार, मुलगा बोटीवर आहे. ‘बोटीवर’ म्हणजे परदेशी जहाजावर. गोव्यात अर्ध्या घरांचं हेच उत्तर. हे आमचं बोलणं नुस्तेकान्न ऐकत होती. ती म्हणाली, “हांव व्हरतां.” मी नेते. पाटी जुने गोव्यात एका ओळखीच्या दारात ठेवून, त्या दिवसाचा निम्मा धंदा सोडून ती आंटीला घेऊन दुकानात आली. डॉक्टरांनी तपासलं. लांबचं ठीक होतं, मोतीबिंदूची नुसती सुरुवात, जवळचा नंबर अडीच. चष्मा चार दिवसांनी तयार झाला आणि मी तो बोटीवरच दिला, कारण आंटीनं तसंच सांगितलं होतं. तिनं पुस्तक उघडलं. एक ओळ ओठातल्या ओठात वाचली, मग पुढची जरा मोठ्यानं. नुस्तेकान्न हिंदू, तरी ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग आंटीनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “देव बरें करूं.” गोव्यात आभार असेच मानतात. मी दिवसातून दहादा ऐकते. त्या दिवशी ते माझ्यासाठी म्हटलेलं होतं.

मी यावर खूप विचार केला आहे, की वसाहतीत दोन वर्षांत जे झालं नाही ते इथं कशामुळं झालं. माणसं तिथं वाईट नव्हती आणि इथं सगळी देवमाणसं नाहीत. मला दिसतं ते असं. बोटीवर पाच मिनिटं कुणालाच काही करता येत नाही. पुढं जाता येत नाही, ओव्हरटेक करता येत नाही, मास्टरला घाई करा म्हणता येत नाही. तोंडं समोरासमोर असतात. आज बोलणं अर्धं राहिलं तर उद्या तिथूनच पुढं सुरू होतं, कारण उद्या पुन्हा तीच माणसं असणार याची खात्री असते. एका बैठकीत कुणी कुणाचं होत नाही. दोनशे वेळा पाच-पाच मिनिटं बसल्यावर होतं. शिवाय पाच मिनिटंच असल्यामुळं कुणी कुणाच्या डोक्यावर बसत नाही. नको असेल त्या दिवशी नदीकडे तोंड करून उभं राहावं, कुणी रागावत नाही.

मागच्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं. मी तीन आठवडे कुडाळला होते. नवरा वेगळ्या वेळेला फेरी पकडतो, तीही संध्याकाळची, आणि तो स्वभावानं अबोल. पहिल्या आठवड्यात त्यानं फोनवर सांगितलं की कोण्या बाईनं धक्क्यावर त्याला थांबवून काळुंद्रांची, म्हणजे माशांची, पुडी हातात दिली, साफ केलेली, हळद-मीठ लावलेली. “बायल घरांत ना न्हय? फकत तळ,” म्हणाली. बायको घरी नाही ना, नुसते तळ. त्यानं तिला त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. तिनं मात्र त्याला माझ्या स्कूटरवरून ओळखलं होतं. मी परत आले तर बोटीवर प्रत्येकानं वेगळा तपशील विचारला. काकांनी ऑपरेशन कुठं केलं ते, आंटीनं आई जेवते का ते, खलाशानं आई वॉकर घेऊन चालते का, कारण त्याच्या वडिलांचंही तसंच झालं होतं. त्याच्या घरी वॉकर पडून होता. रविवारी तो स्वतः घेऊन आला. आई आजही तोच वापरते.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवसाची बोट एकदा तरी बघावी. गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून बांधतात त्या माटोळीचं सामान घेऊन माणसं परतत असतात. सुपारीचे घड, तोरिंजनं, कांगलांचे तुरे, नारळाच्या पेंडी. बाकांवर बसायला जागा नसते, कारण तिथं भोपळे बसलेले असतात. मी कुडाळची, आमच्याकडेही माटी बांधतात, तिथं नेमकं काय लावतात यावरून नुस्तेकान्न आणि माझी पाच मिनिटांत पूर्ण चर्चा होते. मग नोव्हेंबरच्या शेवटी जुने गोव्याच्या फेस्ताचे नोव्हेने, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, लागले की पहाटेच्या बोटीला गर्दी. आंटी त्या नऊ दिवसांत रोज जाते. गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त ३ डिसेंबरला. त्या दिवशी तिच्याकडून आम्हां सगळ्यांना खाजें येतं. गुळाच्या पाकातलं आल्याचं खाजें खाल्लं नसेल तर त्या दिवशी पलीकडच्या धक्क्यावरूनच घ्या.

आता नव्यानं येणाऱ्यांसाठी जरा सावध करणाऱ्या गोष्टी. पाणी ओसरलं असेल तेव्हा रॅम्पचा उतार वाढतो, स्कूटर असेल तर सावकाश चढवा आणि शेवाळ दिसलं तर उतरून ढकला. पावसाळ्यात मांडवी लाल होऊन धावते, तिरका पाऊस बाकावर येतो. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावरच्या पिएदाद गावात बोंदेरां असतो. पूर्वी वाड्यांच्या हद्दींवरून भांडणं होत, पोर्तुगिजांनी हद्दीवर निशाणं रोवली आणि लोकांनी ती पाडायला सुरुवात केली, त्याची आठवण म्हणून हा निशाणांचा उत्सव. बघण्यासारखा आहे, पण त्या दिवशी चारचाकी आणू नका. पलीकडेच ठेवा आणि चालत बोटीत चढा. वाडे बघायला पायच बरे.

एक सुट्टीचा दिवस हातात असेल तर दिवाडी ओलांडून नार्व्याची फेरीही घ्या. सप्तकोटेश्वर मुळात या बेटावरचा, कदंब राजांचा देव. पोर्तुगीज काळात देऊळ मोडलं, देव नदीपल्याड नेला, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथलं देऊळ नव्यानं बांधायला लावलं. नावही नदी ओलांडून गेलं: नार्वे इथंही आहे, तिथंही आहे. मी तिथं जाते तेव्हा नेहमी मनात येतं की त्या काळी देवाची पिंडीही अशीच कुण्या होडीतून, कुणाच्या तरी मांडीवरून पलीकडे गेली असणार.

पुलाबद्दल लोक मला विचारतात. रात्री-बेरात्री आजारी माणूस नेताना ज्यांनी धक्क्यावर ताटकळून काढलं आहे, त्यांना पूल हवासा वाटला तर त्यांच्याशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. मी इथली पाच वर्षांची पाहुणी. पण बोटीवर हा विषय निघतो तेव्हा माणसं एकदम गप्प होतात आणि नदीकडे बघतात, हे मी पाहिलं आहे. त्या गप्प बसण्यात माझाही वाटा असतो.

कुणाला ही बोट आवडणार नाही? ज्याला मिनिटाचा हिशेब चुकलेला चालत नाही त्याला. कानात बोंडं घालून, हेल्मेट न काढता स्कूटरवरच बसून राहणाऱ्याला ती पलीकडे पोचवेल, तेवढंच. मीही तीन महिने तशीच गेले होते, तेव्हा नावं ठेवत नाही. फक्त स्कूटर स्टँडवर लावून खाली उतरा आणि बाकावर बसा. फोन खिशात राहू दे. पहिल्या दिवशी कुणी बोलणार नाही. पंधराव्या दिवशी कुणीतरी पाटी जराशी ओढून घेईल आणि तुमच्या पायाला जागा करून देईल.

पाचपैकी पाच. सकाळी आठच्या सुमाराची, दिवाडीहून जुने गोव्याला जाणारी. डावं बाक, नुस्तेकान्नेपासून तिसरी जागा माझी. चष्म्याचा स्क्रू सैल असेल तर बोट सुटताच सांगा, रॅम्प टेकायच्या आत बसवून देते.